कुणाची कातडी, किती लाल?

लेटरकेनीहून डेरीकडे निघालात की अर्ध्या तासाच्या आसपास ब्रिजएन्ड नावाचं छोटं गाव लागतं. तिथून पुढे रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटर सोडून मैलांत बोलायला लागतात आणि दुकानात युरोऐवजी पौंड मागतात. आयर्लंडचं प्रजासत्ताक संपून उत्तर आयर्लंड सुरू झाल्याची एवढीच खूण. डोनेगल परगण्यातले कॅन्सरचे रुग्ण हा रस्ता धरतात तो रेडिएशनसाठी. लेटरकेनीच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात तपासण्या होतात, केमो मिळते, पण रेडिएशनचं यंत्र तिथे नाही. जवळचं यंत्र डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयात, २०१६च्या अखेरीस सुरू झालेल्या केंद्रात. सीमेपलीकडच्या त्या इमारतीसाठी डब्लिनच्या सरकारनेही पैसे घातले, कारण तोपर्यंत डोनेगलच्या माणसाला अडीचशे किलोमीटरवरचं गॉलवे गाठावं लागे. गॉलवेला हे उपचार २००५ साली आले. त्याआधी डब्लिन, सेंट ल्यूक्स. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतं. म्हणजे घर, गुरं, मुलं सोडून तिकडेच मुक्काम.

लेटरकेनीचं नाव आपल्याकडे आता अगदीच अनोळखी राहिलेलं नाही. २०२०च्या शेवटी टीसीएसने तिथली प्रॅमेरिका ही कंपनी घेतली, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांच्या बोलण्यात ते अधूनमधून येतं. तर समजा, अशा एखाद्या मराठी घरातल्या बाईंना स्तनाचा कर्करोग झाला आणि त्या डेरीच्या यंत्राखाली झोपल्या. त्यांच्या शेजारच्या खोलीत डोनेगलची, लालसर केसांची, उन्हात दहा मिनिटं थांबली तरी भाजणारी आयरिश बाई आहे. दोघींच्या कागदावर मात्रा एकच: ४० ग्रे, १५ भागांत. पाट्या बदलल्या तरी ग्रे हे एकक दोन्ही देशांत तेच. आता प्रश्न असा, की दोघींच्या कातडीवर नेमकं किती पोचलं, आणि ते कुणी, कशावरून ठरवलं?

हा प्रश्न ऐकायला तांत्रिक वाटतो. पण किरणोपचाराच्या पहिल्या तीस वर्षांचा इतिहास बघितलात तर दिसतं, की मात्रा मोजायचं यंत्र म्हणजेच कातडी होती.

सुरुवात कातडीवरूनच झाली. रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले १८९५च्या नोव्हेंबरात, आणि वर्षभरात व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंडने एका लहान मुलीच्या पाठीवरचा केसाळ तीळ या किरणांखाली धरला. केस गळले. नंतर तिथे न भरणारी जखमही झाली. १९०१ साली आंरी बेक्रेलने रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि पोटाजवळची कातडी भाजली. पिएर क्युरीने तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून बघितलं. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. आपल्याकडे रेडिएशनला काहीजण ‘शेक’ म्हणतात, ‘लाइट दिली’ असंही म्हणतात, पण त्यात ना ऊब ना उजेड. जे काही कळायचं ते आठवड्याभराने, कातडीच्या रंगावरून.

मग माणसांनी कातडीऐवजी रंग बदलणारी दुसरी वस्तू शोधली. व्हिएन्नाच्या गिडो होल्त्सक्नेख्टने १९०२ मध्ये किरणांनी रंग बदलणाऱ्या क्षारांचं मापयंत्र काढलं. पॅरिसमध्ये रेमों साबुरो आणि त्याचा सहकारी न्वारे यांच्यासमोर शाळकरी पोरांच्या डोक्यातल्या नायट्याचा प्रश्न होता. केस मुळापासून गळायला हवेत, पण पोर टकलं राहता कामा नये. १९०४ साली त्यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडची छोटी टिकली वापरायला सुरुवात केली. टिकली नळी आणि डोकं यांच्या बरोबर मध्ये ठेवायची, हिरवट रंग ठरावीक पिवळ्या-तपकिरी छटेला आला की थांबायचं. छटा जुळवायची ती छापील नमुन्याशी, दिवसाच्या उजेडात, डोळ्यांनी. आज हे भाबडं वाटेल, पण ‘किती’ या प्रश्नाला दोन शहरांत सारखं उत्तर देऊ पाहणाऱ्या पहिल्या साधनांपैकी ही टिकली आहे. होल्त्सक्नेख्ट स्वतः मात्र वाचला नाही. किरणांनी त्याचे हात गेले, पुढे जीव गेला, १९३१ साली.

याच सुमारास आयर्लंडमध्ये एक भूगर्भशास्त्रज्ञ रंग बदललेल्या दगडांकडे बघत होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्रोफेसर जॉन जोली. समुद्रातल्या मिठावरून पृथ्वीचं वय काढणारे, रंगीत छायाचित्रणाची एक पद्धत शोधणारे, एकूण कशातही हात घालणारे गृहस्थ. अभ्रकाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली काळपट वर्तुळं दिसतात. ती वर्तुळं म्हणजे मधल्या एखाद्या किरणोत्सर्गी कणाने कोट्यवधी वर्षं मारलेल्या किरणांचा डाग आहे, हे जोलींनी १९०७ मध्ये दाखवलं. दगडाचीही कातडी काळवंडते, असं म्हणा हवं तर.

हेच जोली १९१४ मध्ये डब्लिनच्या सर्जन वॉल्टर स्टीव्हन्सनबरोबर एका वेगळ्या अडचणीवर काम करत होते. त्या काळी रेडियम नळीत भरून गाठीच्या वर, म्हणजे कातडीवर ठेवत. आता साधा हिशोब करा. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते. म्हणजे एका सेंटीमीटरवर जेवढं पोचतं त्याच्या चौथा हिस्सा दोन सेंटीमीटरवर. आतल्या गाठीला पुरेसं मिळेपर्यंत वरची कातडी जळून जायची. जोलींची युक्ती अशी: रेडियम तिजोरीत राहू द्या. त्यातून निघणारा वायू, ज्याला आज रेडॉन म्हणतो, तेवढाच काढून केसासारख्या काचेच्या नळीत भरा, ती नळी पोकळ सुईत घाला आणि सुया थेट गाठीत खुपसा. कातडी वगळूनच टाकली. रॉयल डब्लिन सोसायटीने त्यासाठी रेडियम संस्था काढली आणि भरलेल्या नळ्या तिथून डॉक्टरांना पुरवल्या जाऊ लागल्या. रेडॉन चार दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे नळी कोणत्या दिवशी भरली हे माहीत असणं म्हणजेच मात्रा माहीत असणं. वैद्यकाच्या इतिहासात ही ‘डब्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ला टाटा मेमोरियल उघडलं तेव्हा तिथेही रेडॉन काढायची सोय होती आणि ती सांभाळणारे भौतिकशास्त्रज्ञ होते रामय्या नायडू, पॅरिसला मेरी क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलेले. (अभिनेत्री लीला नायडू यांचे वडील. ‘अनुराधा’ बघितलेल्यांना हे सांगायचा मोह आवरला नाही.) लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या, आणि त्यांच्यावर जे उपचार परदेशात झाले ते इथे का नाहीत या सलातून त्या रुग्णालयाची कल्पना निघाली. लेटरकेनीत टीसीएसच्या ऑफिसात बसणाऱ्यांच्या कंपनीच्या नावामागे हीही एक गोष्ट आहे.

पण सुया सगळीकडे खुपसता येत नाहीत. खोलवरच्या रोगाला बाहेरूनच किरण द्यायचे, तर कातडी मध्ये येणारच. जर्मनीत एर्लांगेनच्या स्त्री-रुग्णालयात लुडविग झाइट्स आणि हेरमान विंट्स यांनी १९२०च्या सुमारास सरळ कातडीलाच एकक केलं. त्याचं नावच ‘त्वचा-एकक-मात्रा’. व्याख्या काय, तर जी दिल्यावर आठ-दहा दिवसांनी कातडी किंचित लाल होते आणि चार आठवड्यांनी हलकी तपकिरी होते ती मात्रा. मग अमुक रोगाला या एककाच्या इतके टक्के, तमुक रोगाला तितके, असे तक्ते निघाले.

इथे जरा थांबा आणि ती व्याख्या पुन्हा वाचा. आठवड्याने लाल, महिन्याने तपकिरी. जी कातडी मुळातच तपकिरी आहे तिचं काय? माझ्या आज्जीच्या हाताला हे एकक लावायचं तर कुठून सुरुवात करायची? झाइट्स आणि विंट्स यांना हा प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं, त्यांच्यासमोरच्या बायका बव्हेरियातल्या होत्या. दुष्ट हेतू शोधायची गरज नाही. पण मोजपट्टी कुणाच्या अंगावर बेतली, हे त्या मोजपट्टीत कायमचं राहून जातं. गंमत म्हणजे, हे एकक गोऱ्यांच्यातही धड चाललं नाही. वेगवेगळ्या जर्मन दवाखान्यांच्या ‘एक एकका’ची विसाव्या दशकाच्या मध्यात उपकरणांनी तुलना झाली, तेव्हा त्यांच्यात मोठी तफावत निघाली. एका गावची लाली दुसऱ्या गावच्या लालीशी जुळेना.

१९२८ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रॉन्टगेन हे एकक मान्य झालं. आता मोजायची हवा: किरणांनी हवेत किती विद्युतभार सुटा झाला ते. हवेला रंग नाही, वंश नाही. कातडी व्याख्येतून बाहेर पडली. कागदावर तरी. व्यवहारात ती आत राहिलीच. किरणांसोबत काम करणाऱ्यांनी किती सोसावं याचा पहिला आकडा आर्थर मुटशेलरने १९२५ मध्ये सुचवला होता, तो होता ‘महिन्याला लाली आणणाऱ्या मात्रेचा शंभरावा हिस्सा’. आपल्या आजच्या सगळ्या सुरक्षानियमांचं मूळ त्या लालीत आहे.

आणि उपचार तुकड्या-तुकड्यांनी द्यायची पद्धत, ज्यापायी डोनेगलची माणसं रोज सीमा ओलांडतात, तीही कातडीपायीच आली. पॅरिसमध्ये क्लोद रगो मेंढ्यांवर प्रयोग करत होता. मेंढ्याचे वृषण एकाच मोठ्या मात्रेने निर्बीज करायला जावं तर वरची कातडी जबर जळे. तीच गोष्ट थोडी थोडी, काही दिवसांत विभागून केली तर आतलं काम व्हायचं आणि कातडी तगायची. त्याचा सहकारी आंरी कुतार याने हे गळ्याच्या कॅन्सरवर नेलं. तेव्हापासून रेडिएशन म्हणजे ‘एकदा’ नाही, ‘रोज’.

चाळिशीच्या दशकापर्यंत डॉक्टरचा हात अडायचा तो कातडीपाशी. मग १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० आलं आणि चित्र पालटलं. हे कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. कोबाल्टचे किंवा आजच्या लिनॅक यंत्राचे जोरदार किरण शरीरात शिरतात तेव्हा स्वतः फारसं नुकसान करत नाहीत. ते इलेक्ट्रॉनांना धक्का देऊन पुढे पळवतात, आणि नुकसान करतात ते हे इलेक्ट्रॉन. आळंदीहून निघालेल्या वारीसारखं. सुरुवातीला मोजक्या दिंड्या, मग वाटेत माणसं मिळत जातात, पुण्यापर्यंत गर्दी फुगते. (उपमा एवढ्यापुरतीच. पुढे वारी वाढत जाते, किरण मात्र ओसरत जातात.) कोबाल्टची गर्दी कातडीखाली अर्ध्या सेंटीमीटरवर सर्वात जास्त असते, सहा मेगाव्होल्टच्या लिनॅकची दीड सेंटीमीटरवर. वरच्या कातडीला त्या मानाने थोडंसंच मिळतं. पन्नास वर्षं जिने अडवून धरलं तिला भौतिकशास्त्राने एका झटक्यात बाजूला केलं.

आणि म्हणूनच ती मोजणीतूनही सुटली, असं माझं मत आहे. जे दुखत नाही तिकडे लक्ष जात नाही.

अडचण अशी की कातडी प्रत्येक वेळी वाचवायची नसते. स्तन काढल्यानंतर छातीच्या भिंतीवर किरण देताना रोगाच्या पेशी कातडीजवळच दडलेल्या असू शकतात. तिथे मात्रा वरपर्यंत आणावी लागते. मग कातडीवर ‘बोलस’ ठेवतात. पूर्वी मेणाचा थर, ओलं गॉझ, आता जेलची चकती. वारीची सुरुवात मागे ढकलायची, म्हणजे गर्दी बरोबर कातडीवर येते. आयर्लंडमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर कातडीचाच, तिथे तर पृष्ठभाग हेच लक्ष्य. काही दुर्मिळ आजारांत संपूर्ण अंगाच्या कातडीला इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. स्टॅनफर्डमध्ये बसवलेल्या पद्धतीत रुग्ण यंत्रापासून काही मीटरवर उभा राहतो, सहा वेगवेगळ्या पवित्र्यांत. काख, तळपाय, स्तनाखालची घडी या जागा तरीही कोरड्या राहतात. पावसात उभ्या माणसाच्या जशा राहतील तशाच.

म्हणजे कधी कातडीला कमी हवं, कधी पुरतं हवं. कमी पडलं तर रोग परतू शकतो, जास्त झालं तर जखम. ४० ग्रेच्या त्या कागदामागे ही दोन्ही भयं असतात. आणि नेमकं इथेच उपचार आखणारा संगणक सर्वात कच्चा आहे. तो शरीराचे दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकात किती पोचेल ते काढतो. पण कातडीचा जो थर सर्वात नाजूक, जिथे नव्या पेशी जन्मतात, तो पृष्ठभागाखाली साधारण ०.०७ मिलिमीटरवर धरतात. विटेच्या मापाने भिंतीवरच्या रंगाचा थर मोजायचा प्रकार. वरच्या तुकड्यात अर्धी हवा, अर्धी कातडी. किरण तिरके पडले, मधे प्लॅस्टिकचा मुखवटा आला, बोलसखाली हवेची पोकळी राहिली, की आकडा आणखी हलतो. शरीराच्या आत पाच टक्क्यांच्या चुकीवरून भौतिकशास्त्रज्ञ अस्वस्थ होतात. पृष्ठभागावर काही परिस्थितींत वीस टक्क्यांपर्यंतचा फरक निघालेला आहे.

तेव्हा उपाय जुनाच: कातडीवर काहीतरी चिकटवून प्रत्यक्ष मोजा. थर्मोल्युमिनेसन्ट चकत्या म्हणजे किरण साठवून ठेवणारे स्फटिक, तापवले की जेवढे किरण खाल्ले तेवढा उजेड ओकतात. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅल्शियम सल्फेटच्या अशा चकत्या देशातच बनवल्या. क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञाच्या खिशाला लावलेला जो बिल्ला तुम्ही बघितला असेल, त्यात त्याच असतात. टपालाने चकत्या पाठवून, त्यांच्यावर किरण टाकून परत मागवून, देशभरच्या रुग्णालयांची यंत्रं ठरल्याप्रमाणे मात्रा देतात का तेही तपासलं जातं. पोस्टाच्या पाकिटातून ग्रेची तपासणी, ही मला फार आवडलेली गोष्ट.

पण आता त्या दोन बायकांकडे परत या. समजा, भौतिकशास्त्र्याने चोख मोजलं. दोघींच्या कातडीवर अगदी सारखी मात्रा पोचली. तिसऱ्या आठवड्यात नर्स कातडी तपासते आणि श्रेणी लिहिते. जगभर वापरल्या जाणाऱ्या श्रेण्या अशा: पहिली, फिकट लाली. दुसरी, ठळक लाली, घड्यांत ओली सालपटं. तिसरी, त्याहून वाईट. हवेने हाकललेली ती एर्लांगेनची लाली मागच्या दाराने परत आली बघा. आयरिश बाईंची लाली दारातून दिसते. मराठी बाईंची कातडी लाल होत नाही, काळवंडते, जांभळट होते, ताणल्यासारखी, गरम लागते. ‘लाली नाही’ म्हणून शून्य लिहिलं गेलं तर मलम उशिरा मिळतं, आणि कागदावर त्यांचा त्रास घडलेलाच नसतो. गडद कातडीच्या रुग्णांचा त्रास डॉक्टरांच्या नोंदीत कमी दिसतो, याकडे अलीकडे संशोधकांनी बरंच लक्ष वेधलं आहे.

कातडीच्या रंगाचे प्रकार सांगणारी जी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी आज सर्रास वापरतात, तिचीही गोष्ट हीच. थॉमस फिट्झपॅट्रिकने ती १९७५ मध्ये काढली ती अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवायला, आणि पहिले प्रकार चार, सगळे गोऱ्या कातडीचे. तपकिरी आणि काळी कातडी नंतर पाचवा-सहावा प्रकार म्हणून शेवटी जोडली. निम्मं जग पुरवणीत!

उलट दिशेची चूकही घडलेली आहे, आणि ती जास्त भयंकर. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्ष-किरण तंत्रज्ञांना शिकवलं जाई, की काळ्या माणसांची हाडं आणि कातडी दाट असते, तेव्हा फोटो काढताना किरण वाढवा. याला आधार नव्हता. कातडीतलं मेलॅनिन दिसणारा उजेड अडवतं, क्ष-किरणांना त्याचं काही पडलेलं नसतं. १९६८ साली राल्फ नेडर यांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणला, त्याच वर्षी किरणोत्सर्गावर नियंत्रणाचा कायदाही अमेरिकेत झाला. म्हणजे कातडीचा रंग जिथे बघायचा नव्हता तिथे बघितला, आणि जिथे बघायला हवा होता तिथे नाही.

तुमच्या घरातलं कुणी रेडिएशन घेत असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. ‘लाल झालंय का?’ असं विचारतील. तेवढ्यावर थांबू नका. रंग गडद झालाय का, हात लावला तर गरम लागतं का, खाज, आग, ताण आहे का, कपडा घासला की दुखतं का, हे सगळं आपणहून सांगा. दुसऱ्या बाजूच्या कातडीशी ताडून दाखवा. त्या बाजूला किरण गेलेले नाहीत, तीच तुमची मोजपट्टी.

मोजणारे सध्या काय चिकटवतात? चकत्यांबरोबरच एक पातळ फिल्म आली आहे. ती कात्रीने हवी तशी कापायची, छातीच्या वळणावर, व्रणाच्या बाजूला, काखेच्या तोंडाशी चिकटपट्टीने लावायची आणि यंत्र चालू करायचं. किरण पडले की फिल्म हळूहळू निळी होते. लगेच वाचायची नसते, रंग स्थिरावायला साधारण एक दिवस लागतो. मग ती स्कॅनरवर ठेवतात आणि निळाई किती गडद आहे ते, आधीच मोजून ठेवलेल्या तुकड्यांशी ताडून, संगणक सांगतो. साबुरोला हेच दिवसाच्या उजेडात, डोळे बारीक करून करावं लागायचं.